छोटं पेट शॉप टाकायचंय? पिल्लं न विकता दुकान कसं उभं करायचं आणि चालवायचं, सगळं सविस्तर

पेट शॉप म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर काचेमागं झोपलेलं लॅबचं पिल्लू येतं. माझ्याकडं दर महिन्याला कुणीतरी "ताई, मला पण दुकान टाकायचंय, पिल्लं कुठून आणायची?" असं विचारत येतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे, पिल्लं आणायचीच नाहीत. सांगलीसारख्या गावात छोटं दुकान खाण्यावर, कॅट लिटरवर (मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये टाकायची वाळू), पट्ट्या-साखळ्यांवर आणि नीट दिलेल्या सल्ल्यावर चालतं, आणि चांगलं चालतं. पिल्लू विकलं की गिऱ्हाईक एकदा पैसे देतं, पण त्याच पिल्लाचं खाणं पुढची दहा-बारा वर्षं लागतं, आणि आपला धंदा त्या दहा-बारा वर्षांचा आहे. पुढचं सगळं याच हिशोबाने लिहिलंय.

पिल्लं का नकोत, आधी हे

कायद्याचं बघू. पेट शॉपसाठी 2018 चे नियम आहेत आणि कुत्र्यांच्या ब्रीडिंगसाठी 2017 चे. दुकानात विक्रीसाठी जिवंत प्राणी ठेवायचा तर राज्य पशुकल्याण मंडळाकडं नोंदणी लागते, जागेची तपासणी होते, प्रत्येक प्राणी कुठून आला, कुणाला विकला, आजारी पडला का, मेला का याचं रजिस्टर ठेवावं लागतं, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. बाजारात पाच-सहा आठवड्यांची पिल्लं सर्रास दिसतात, कारण तेव्हा ती जास्त गोड दिसतात आणि ब्रीडरचा खाण्याचा खर्च वाचतो.

पण कायदा बाजूला ठेवला तरी पार्व्होचं, म्हणजे पिल्लांच्या त्या जीवघेण्या आजाराचं, काय करणार? पार्व्होचा व्हायरस अंगात शिरल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस, कधी त्याहून जास्त जातात, म्हणजे दुकानात पिल्लू उड्या मारत असतं आणि गिऱ्हाईकाच्या घरी जाऊन चौथ्या दिवशी रक्ताची जुलाब सुरू होते, लहान पोरं रडतायत, सलाईनचा खर्च हजारांत, आणि बरेचदा पिल्लू वाचत नाही. ते कुटुंब परत तुमच्या दुकानाची पायरी चढेल का? शिवाय हा व्हायरस फरशीवर, पिंजऱ्यात महिनोन्‌महिने टिकतो, साध्या फिनाईलनं मरत नाही, ब्लीचचं पाणी मारून दहा मिनिटं तसंच ठेवावं लागतं. एक आजारी पिल्लू आलं की पुढची सगळी धोक्यात.

कुणाला पिल्लू हवंच असेल तर मी आधी दत्तक घ्यायला सांगते. आमच्याकडं एका बोर्डवर गावातल्या रेस्क्यूवाल्यांच्या पिल्लांचे फोटो असतात, त्याचे पैसे घेत नाही. आणि पिल्लू घरी गेलं की पहिली पट्टी, पहिलं खाणं आपल्याकडूनच जातं.

काय विकता येतं, काय अजिबात नाही

"पोपट आहे का?" हा प्रश्न रोज येतो. नाही, आणि ठेवायचाही नाही. आपला हिरवा पोपट, मोठा पहाडी पोपट, मुनिया, स्टार कासव हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली येतात, विकणं सोडा, पाळणंसुद्धा गुन्हा आहे. कुणी पिशवीत घालून "गुपचूप घ्या" म्हणत आला तर सरळ नाही म्हणायचं. परदेशी पक्ष्यांमध्येही सगळं मोकळं नाही, आफ्रिकन ग्रे, सन कॉन्यूर असे साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतले पक्षी ज्यांच्याकडं आहेत त्यांना 2024 च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. लोक ज्यांना लव्हबर्ड म्हणतात त्या बजरी आणि कॉकटेल या यादीत नाहीत, पण ते विकायला ठेवले की पेट शॉपचं रजिस्ट्रेशन आलंच.

दुसरी गोष्ट औषधं. इथं बरेच नवे दुकानदार अडकतात. जंताचं औषध, अँटिबायोटिक, गोचिडाचं मानेवर सोडायचं औषध, फंगसचा औषधी शाम्पू ही सगळी औषधं आहेत, ती विकायला एफडीएचं ड्रग लायसन्स लागतं. लस तर दुकानात ठेवायचीच नाही. साधा शाम्पू, कंगवा, कॅल्शियमसारखी सप्लिमेंट वगैरे चालतं. डिस्ट्रिब्युटरचा माणूस "सगळे ठेवतात मॅडम" म्हणेल, पण तपासणी आली की तो तुमच्याबरोबर उभा राहणार नाही.

कागदपत्रं

हे पटकन सांगते, कारण घाबरण्यासारखं काही नाही, एक चांगला सीए किंवा टॅक्सवाला गाठला की झालं. शॉप अ‍ॅक्टची नोंद ऑनलाइन होते, कामगार मोजकेच असले तर फक्त सूचना द्यावी लागते. उद्यम रजिस्ट्रेशन फुकट आहे, त्याचे कुणी पैसे मागितले तर देऊ नका. जीएसटी मालाच्या धंद्याला वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत सक्तीचा नाही, तरीपण ऑनलाइन विकायचा विचार असेल तर सीएला आधीच विचारा. डॉग-कॅट फूडवर 18 टक्के जीएसटी असतो, त्यामुळं नंबर नसेल तर खरेदीवरचा टॅक्स तुम्हाला परत मिळत नाही, तो किमतीतच धरायचा. कंपोझिशन स्कीम छोट्या दुकानाला सोपी पडते, व्यापाऱ्याला उलाढालीवर 1 टक्का, मात्र त्यात गिऱ्हाईकाकडून टॅक्स वेगळा घेता येत नाही.

पाटी मराठीत, देवनागरीत, दुसऱ्या भाषेतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी नकोत. वजनकाटा दरवर्षी वैधमापनकडून (वजन-मापं तपासणारं सरकारी खातं) स्टॅम्प करून घ्यायचा. आणि जिवंत काहीही, अगदी ससा किंवा हॅमस्टर ठेवायचा विचार असेल तर आधी जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयात जाऊन लेखी विचारा, मगच पिंजरे घ्या.

कर्ज लागलं तर मुद्रा बघा. 50 हजारांपर्यंत शिशु, त्यापुढं 5 लाखांपर्यंत किशोर. दुकानाचं भाडेपत्र आणि मालाचं कोटेशन बरोबर न्यायचं.

जागा

मेन रोडच हवा असं नाही. ज्या भागात फ्लॅट आणि रो-हाऊस जास्त, जवळ जनावरांचा डॉक्टर, आणि दारात गाडी लावून 10 किलोचं पोतं डिकीत टाकता येईल अशी जागा, बस. दोन-अडीचशे स्क्वेअर फूट सुरुवातीला पुरतं. शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी त्या रस्त्यावर जाऊन उभं राहा आणि कुत्री फिरवणारे मोजा, कुठल्या जातीची ते पण लिहा. शिह त्झू आणि पर्शियन मांजरं जास्त असलेला भाग आणि जर्मन शेफर्डवाल्या बंगल्यांचा भाग, दोन्हीकडं माल वेगळा लागतो.

आमच्या सांगलीत अजून एक बघावं लागतं, पूर. 2005, 2019, 2021 ला पाणी कुठवर आलं होतं ते मालकाला नाही, शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारायचं. भाडं कमी म्हणून खोलगट जागा घ्यायची नाही, भिजलेलं फूड फेकण्याशिवाय काही करता येत नाही. शेजाऱ्यांना वासाची भीती असते, त्यांना आधीच सांगून ठेवायचं की प्राणी ठेवणार नाही, निम्मा विरोध तिथंच संपतो.

पैशांचं गणित

हे कागदावर मांडल्याशिवाय पुढं जाऊ नका. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला, मी एक नमुना देते. डिपॉझिट 1 लाख, रॅक-लाइट-पाटी 1 लाख 20 हजार, पहिला माल 3 लाख, कॉम्प्युटर-प्रिंटर-काटा 60 हजार, कागदपत्रं आणि सीए 15 हजार, आणि तीन महिन्यांचा खर्च हाताशी 84 हजार. झाले पावणेसात लाखांच्या आसपास. तो शेवटचा आकडा लोक धरतच नाहीत आणि दुसऱ्या महिन्यात उधारीवर येतात.

आता दर महिन्याचं. भाडं 15 हजार, लाइट-नेट 3 हजार, एक मदतनीस 10 हजार, म्हणजे 28 हजार, त्यात तुमच्या घराला 25 हजार धरले तर 53 हजार सुटायलाच हवेत. फूडमध्ये मार्जिन कमी, मोठ्या ब्रँडच्या पोत्यात 10-15 टक्के सुटले तरी खूप, बेल्ट, भांडी, खेळणी, कपडे यात 40 च्या पुढं जातं, पण ती रोज विकली जात नाहीत. सगळं मिळून सरासरी 20 टक्के धरा. मग 53 हजारांसाठी 2 लाख 65 हजारांची विक्री हवी. एक घर महिन्याला अडीच हजारांचा माल नेतं असं धरलं तर साधारण 106 घरं. म्हणजे तुम्हाला रस्त्यावरून जाणारे हजार लोक नकोत, दर महिन्याला न चुकता येणारी शंभर-सव्वाशे घरं हवीत. इतकी घरं गावात नक्की आहेत, ती जोडायला एक-दीड वर्ष जातं, तेवढा धीर आणि तेवढी सोय आधी करून ठेवा.

पहिला माल कसा भरायचा

सगळे ब्रँड आणायचा मोह होतो, तो आवरा. कुत्र्यांसाठी एक स्वस्त, एक मधला, एक महाग, बस. पेडिग्री, ड्रूल्स, रॉयल कॅनिन ही नावं घेऊनच लोक आत येतात, त्यामुळं ती ठेवावीच लागतात. मांजरांसाठी व्हिस्कस, मी-ओ आणि वरच्या दर्जाचं एखादं. आणि मांजरांकडं दुर्लक्ष करू नका, फ्लॅटमध्ये मांजरं वाढतायत आणि लिटर दर महिन्याला लागतंच. लिटरची पिशवी जड असते, म्हणून लोक ती घरपोच मागतात, आणि एकदा घरपोच द्यायला लागलात की फूड पण तुमच्याकडूनच जातं.

डिस्ट्रिब्युटरशी बोलताना भावापेक्षा दोन गोष्टी जास्त ताणून धरा. एक्स्पायरी झालेला आणि फाटलेला माल परत घेणार का, आणि माल पाठवताना किती महिन्यांची मुदत शिल्लक असणार. दोन्ही मेसेजवर लिहून घ्या. सुरुवातीला कुणी उधार देत नाही, रोखीनंच घ्यावं लागतं, नियमित घेत राहिलात की आठ-पंधरा दिवसांची मुदत मिळते. पोतं उतरवताना बॅच आणि तारीख तिथंच बघायची, टेम्पोवाला घाई करतो, करू द्या.

आमच्या भागाची एक खास गोष्ट सांगते. जत, कवठेमहांकाळ, मंगळवेढ्याच्या पट्ट्यातून कारवानी कुत्री पाळणारी माणसं येतात. ती पिढ्यान्‌पिढ्या दूध-भाकरीवर, अंड्यावर कुत्री वाढवतात, त्यांना पोतं गळ्यात मारायला जाऊ नका. त्यांना हवा असतो चांगला रुंद पट्टा, कारण या कुत्र्याची मान लांब आणि डोकं निमुळतं, साधा पट्टा मागं ओढला की निघून येतो. रुंद, मऊ, आतून अस्तर असलेला पट्टा ठेवला की एकाला बघून गावातले दहाजण येतात. पक्ष्यांचं खाणंही असंच, राळं आणि बाजरी मार्केट यार्डातून घेऊन, चाळून, निवडून विका, सोबत समुद्रफेण ठेवा.

कपडे आणि गाद्या मात्र जपून. साईजचा घोळ होतो, डेड स्टॉक होतो. पट्ट्यांची पण मापं घेऊनच विका, कुत्रं बरोबर नसेल तर दोरा देऊन पाठवा, मानेभोवती दोरा धरून आणायला सांगा. पट्टा आणि मान यात दोन बोटं जायला हवीत, जास्त नाही, कमी नाही.

सुटं फूड आणि साठवण

सुटं फूड विकल्याशिवाय छोट्या गावात चालत नाही, अर्धा किलो, एक किलो नेणारे खूप असतात. पण ते नीट करा. मूळ पोतं तसंच ड्रममध्ये उभं ठेवायचं, आतला माल ओतायचा नाही, म्हणजे बॅच, तारीख कायम दिसते आणि ड्रमच्या तळाशी जुनं तेलकट फूड साचत नाही. उघडलेलं पोतं महिन्याभरात संपलं पाहिजे, नंतर त्यातली चरबी खवट होते, आपल्याला वास येत नाही पण कुत्रं तोंड फिरवतं आणि गिऱ्हाईक म्हणतं "तुमचा माल डुप्लिकेट आहे". गिऱ्हाईकासमोर काट्यावर मोजून द्यायचं. आधीच पिशव्या भरून रॅकवर लावल्या तर वैधमापनचे पॅकिंगचे नियम लागतात.

पावसाळ्यात पोती जमिनीपासून किमान अर्धा फूट वर आणि भिंतीपासून लांब. ओल लागलेल्या खाण्याला बुरशी येते, आणि काही बुरशी लिव्हर खराब करणारं विष तयार करते, त्यामुळं भिजलेलं पोतं उन्हात वाळवून विकायचं नाही, म्हणजे नाहीच. उंदरांसाठी विषारी गोळ्या दुकानात टाकू नका, गिऱ्हाईकाचं कुत्रं आत फिरतं. पिंजरा लावा.

काउंटरवरचं बोलणं

दुकान खरं इथं चालतं. आणि कुठं थांबायचं ते कळणं यातच सगळं आहे.

एक प्रसंग वारंवार घडतो, तो नीट लक्षात ठेवा. माणूस येतो आणि म्हणतो, बोका दोन दिवस सारखा लिटरमध्ये जाऊन बसतोय, जोर लावतोय, काही होत नाही, पोट साफ व्हायला काहीतरी द्या. नव्या दुकानदाराला वाटतं बद्धकोष्ठता. विचारायचं, लघवी होतेय का, लिटरमध्ये ओले गोळे दिसतायत का? नसतील तर लघवीचा मार्ग बंद झालेला असू शकतो, बोक्यांमध्ये हे नेहमीचं आहे आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. काहीही विकायचं नाही, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं पाठवायचं, बंद असेल तर दुसऱ्याचा नंबर द्यायचा. गावातल्या डॉक्टरांचे नंबर आणि वेळा काउंटरवर चिकटवून ठेवा, मोठी केस असेल तर डॉक्टर स्वतः शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजला पाठवतात, तिथला रस्ता पण सांगता आला पाहिजे. अशा वेळी विक्री शून्य होते. पण बोका वाचलेला माणूस दुसऱ्या दुकानात जात नाही.

अजून दोन गोष्टी तोंडपाठ हव्यात. मांजराला माणसांची पॅरासिटामॉल द्यायची नाही, अर्ध्या गोळीनंही मांजर मरू शकतं. आणि कुत्र्याचं परमेथ्रिनवालं गोचिडाचं औषध मांजराला लावायचं नाही, एकाच घरात दोन्ही असतील तर आवर्जून सांगायचं.

मासे ठेवणार असाल तर हे वाचा. वडील-मुलगा येतात, गोल काचेचं भांडं आणि दोन गोल्डफिश मागतात. देऊन टाकलं तर चारशे रुपये मिळतात आणि आठवड्यात मासे मरतात. कारण माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, त्याला बऱ्याच कमी घातक नायट्रेटपर्यंत नेणारे बॅक्टेरिया नव्या टाकीत नसतातच, ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यात नळाच्या पाण्यातलं क्लोरीन वेगळं. म्हणून आधी टाकी आणि फिल्टर द्या, पाणी भरून फिल्टर चालू ठेवायला सांगा, पोराला नंतर बोलवा, तेव्हा दोन-तीन काटक मासे द्या आणि पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवून मग सोडायला सांगा. पोरं याची वाट बघतात हो, रोज येऊन विचारतात. लाइट जाण्याचं प्रमाण जास्त असेल तर दुकानात बॅटरीवरचा एअर पंप हवाच.

गिऱ्हाईक टिकवणं

ऑनलाइनवाल्यांशी 10 किलोच्या पोत्याच्या भावात भांडू नका, तिथं ते तोटा सोसून पण विकतात. तुमच्याकडं जे आहे ते वही. प्रत्येक प्राण्याचं नाव, जात, वय, वजन, काय खातो, कधी नेलं. 30 किलोचा लॅब दिवसाला साधारण 350 ते 400 ग्रॅम खातो, म्हणजे 10 किलोचं पोतं 25-28 दिवस. 4 किलोचं मांजर 50-60 ग्रॅम, म्हणजे 1.2 किलोचं पॅकेट तीन आठवडे. संपायच्या चार दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅप, "ब्रुनोचं पोतं संपत आलं असेल, संध्याकाळी पाठवू का?" बहुतेक वेळा हो येतं, कारण माणसं विसरतात आणि रात्री दहाला लक्षात येतं. मेसेज मात्र फक्त एवढाच, रोज गुड मॉर्निंग आणि ऑफर पाठवल्या की लोक म्यूट करतात.

ब्रँड बदलणाऱ्याला सांगा, एकदम बदलू नका, आठवडाभर जुनं-नवं मिसळत जा, नाहीतर जुलाब होतात. आवडेल की नाही शंका असेल तर आधी सुटं द्या. उधारीला मर्यादा घाला, एक पोतं उधार असेल तर दुसरं रोखीनं, नातेवाईकांना पण हाच नियम. रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालणाऱ्यांना थोडा भाव कमी लावा, ती माणसं खिशातून करतात आणि तुमचं नाव गावभर तीच नेतात.

हंगाम बघून माल भरा. मार्चमध्ये पाण्याची भांडी आणि कूलिंग मॅट, जूनच्या आधी टॉवेल आणि रेनकोट, दिवाळीच्या पंधरा दिवस आधी फटाक्यांच्या भीतीबद्दल लोक विचारायला लागतात, तेव्हा नावाचा टॅग आणि मजबूत हार्नेस समोर ठेवा, कारण घाबरून पळालेलं कुत्रं टॅगमुळंच घरी येतं.

ग्रूमिंग पहिल्या वर्षी नको. पाणी, ड्रेनेज, शिकलेला माणूस, सगळं लागतं, आणि पग किंवा शिह त्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला बंद पिंजऱ्यात गरम ड्रायर लावला तर जीव जाऊ शकतो. पुढं करायचंच तर आधी माणूस शिकवा, मग टेबल घ्या.

आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून सगळा माल मोजा. पुढच्या तीन महिन्यांत एक्स्पायर होणारं सगळं एका रॅकवर काढा, त्यातलं जे डिस्ट्रिब्युटर परत घेतो त्याचा फोटो काढून त्याच दिवशी पाठवा, उरलेल्यावर तारीख स्पष्ट सांगून सूट लावा, आणि जे सहा महिने हललं नाही ते पुढच्या ऑर्डरमधून कापा.